चित्रांचा सातबारा

मंदाताई बापट कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की चपला काढायच्या, पर्स खुर्चीवर टाकायच्या आणि भिंतीवरचं एखादं चित्र उतरवून त्याची पाठ बघायच्या. आमच्याकडे आल्या तेव्हा भिंतीवर एकच चित्र होतं, नायगाराचं. माझ्या नवऱ्याच्या, अनिलच्या, मित्रांनी लग्नाची भेट म्हणून दिलेलं. मी चहाचं आधण ठेवून बाहेर आले तर या बाई सोफ्यावर चढून, नायगारा छातीशी धरून उभ्या.

"अगं, हे आधी कुणाचं तरी होतं," त्या म्हणाल्या. "मागे बघ. टू बार्बरा, हॅपी बर्थडे."

अनिलचे कान लाल झाले. मित्रांनी चित्र कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या गराज सेलमधून उचललं होतं, हे आम्हा दोघांना तेव्हाच कळलं.

"मग बरंच झालं की," मंदाताई म्हणाल्या, "नायगाऱ्यासोबत बार्बरापण आली तुमच्याकडे." आणि चित्र परत टांगून त्या स्वयंपाकघरात गेल्या, तिथून बाल्कनीत, तिथून परत दिवाणखान्यात. चहा त्यांनी फिरत फिरतच संपवला.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आम्ही नवे होतो. अनिल सकाळी ट्रेनने कामाला जायचा आणि दिवसभर गाडी, मी आणि रिकामं अपार्टमेंट उरायचं. मला काम करायची परवानगी नव्हती. ड्रायव्हिंग लायसन्स मात्र नुकतंच मिळालं होतं. मंदाताईंचं उलट होतं. त्यांना जवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये काम होतं, आणि गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे चालवता यायची, पण टेस्ट पास व्हायची नाही. रस्त्यात एखादं जुनं घर दिसलं की त्यांची मान तिकडे वळायची आणि मानेमागून स्टिअरिंगही. शेवटच्या परीक्षेत त्यांनी परीक्षकालाच विचारलं होतं, "या कोपऱ्यावरच्या घराचा मालक बदलला का हो?" तो गाडीतून उतरून चालत ऑफिसला गेला, असं त्यांचे यजमान सांगायचे. बापट काका शांत गृहस्थ. बायकोच्या वाट्याचं बसणंही तेच बसायचे.

अशा रीतीने मी मंदाताईंची ड्रायव्हर झाले. त्या शेजारच्या सीटवर कधी स्वस्थ बसल्या नाहीत. पट्टा ओढायच्या, खिडकी वरखाली करायच्या, हायवेवर अचानक "थांब, थांब!" म्हणायच्या. मी घाबरून ब्रेक मारला की म्हणायच्या, "नाही, चल. मला वाटलं काहीतरी आठवलं."

म्युझियममध्ये त्या काय करतात, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा विचारलं.

"सातबारा काढते," त्या म्हणाल्या.

"कशाचा?"

"चित्रांचा. जमिनीचा नसतो का? आधी कुणाची, मग कुणाकडे गेली, कशी गेली. तसंच. चित्र कुणी काढलं ते सांगायला तिथे मोठे मोठे लोक आहेत. ते कुणाच्या भिंतीवर होतं ते मी बघते. एखाद्या वेळी मधला मालकच सापडत नाही. मग मला जेवण जात नाही."

हे शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं. गणपतीला सगळे आपापला पदार्थ घेऊन जमायचे, त्या पॉटलकला सगळे पंगत मांडून बसले असताना मंदाताई हातात ताट घेऊन खोलीभर फिरायच्या. एकदा ज्यांच्या घरी गणपती होता त्या डॉक्टरांनी पितळेची एक मोठी समई दाखवून "आमच्या घराण्यातली, पेशव्यांच्या काळापासूनची" म्हटलं, तेव्हा त्या लगेच खाली वाकल्या. मंदाताईंची मुलगी अमृता, शाळेत जाणारी, तिकडून कळवळून म्हणाली, "आई, प्लीज! नॉट हिअर!" पण तोवर समई आडवी झाली होती. बुडाखाली मुरादाबादच्या कारखान्याचा शिक्का होता. डॉक्टर गोरेमोरे झाले. मंदाताईंना मात्र त्यांना उघडं पाडायचं नव्हतंच. त्यांनी समई उभी केली, पदराने पुसली आणि अगदी मनापासून विचारलं, "ही मुरादाबादहून तुमच्या घरी कोण घेऊन आलं असेल हो?" डॉक्टरांना त्यांचे एक रेल्वेतले मामा आठवले. त्या मामांच्या गोष्टी ते आरतीपर्यंत सांगत राहिले. इतक्या वर्षांत त्यांची आठवणच काढली नव्हती म्हणाले.

असं का, हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी लाल सिग्नलला थांबले असताना. पानशेतच्या पुरात पुण्यातलं त्यांचं माहेरचं बिऱ्हाड वाहून गेलं. माणसं वाचली. पुढे बऱ्याच महिन्यांनी वडिलांबरोबर कुणाकडे तरी गेल्या असताना त्या घरात आईची शिवणाची पेटी दिसली. झाकणावर आईने स्वतः रंगवलेली जास्वंद होती. मंदाताई ओरडणार, तेवढ्यात वडिलांनी हात दाबला. त्या घरच्या बाईंनी ती जुन्या बाजारातून विकत आणली होती. वडील चहा प्यायले, नमस्कार केला आणि निघाले.

"काही बोलले नाहीत?" मी विचारलं.

"रस्त्यात म्हणाले, त्यांनी पैसे देऊन घेतलीये, त्यांचीच आहे. बरोबरच होतं गं. पण ती आईची होती, एवढं कुणीतरी त्या खोलीत म्हणायला हवं होतं की नको?" सिग्नल हिरवा झाला होता. मागची गाडी हॉर्न देत होती. मंदाताई म्हणाल्या, "चल चल, काय थांबलीयेस?"

त्यांच्या म्युझियममध्ये दोन इटालियन चित्रं होती. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची, प्राचीन अवशेषांची. मोडके खांब, कमानीतून उगवलेली झुडपं, खाली कपडे धुणाऱ्या बायका आणि शेळ्या. अशी चित्रं श्रीमंत लोक घरी दारांच्या वर बसवायला काढून घ्यायचे, हे मंदाताईंनी मला सांगितलं. "ही जागा कुठेच नाहीये," त्या म्हणाल्या. "एक खांब इथला, एक कमान तिथली. भिंत शोभावी म्हणून केलेली पडझड." मूळ संच चार चित्रांचा. दोन चित्रं मिसेस हॉलोवे नावाच्या एका श्रीमंत विधवा बाईंनी म्युझियमला दिली होती आणि दोन त्यांच्या घरीच होती. त्यांच्या यजमानांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ती न्यूयॉर्कमधल्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. त्याआधी काय, तर "इटलीतील खाजगी संग्रह". बस्स.

हे तीन शब्द मंदाताईंना खडीसारखे टोचायचे. "खाजगी म्हणजे कुणाचा? माणसाला नाव असतं." व्यापारी मरून गेला होता, त्याचं दुकान बंद झालं होतं. फोन करून करून त्यांचा आवाज बसला. काही हाती लागेना. त्या घरी येऊन जिना चढायच्या, उतरायच्या. बापट काका म्हणायचे, "मंदा, चित्रं कुठे जात नाहीयेत." त्या म्हणायच्या, "तोच तर प्रश्न आहे. ती कुठून कुठे गेली!"

मग त्यांनी एक खूळ काढलं. हिवाळ्यात म्युझियम रिकामं असतं, तर काही चित्रं पाठीमागून दाखवायची. तोंड भिंतीकडे, पाठ लोकांकडे. डिरेक्टर डॉक्टर पिअर्स सभ्य माणूस. त्यांना खरेपणाचं वावडं नव्हतं, पण अचानक काही घडलेलं आवडत नसे. तरी मंदाताईंनी त्यांच्या दारासमोर इतक्या येरझाऱ्या घातल्या की त्यांनी एका छोट्या दालनापुरतं हो म्हटलं. जुनी लाकडं, गंजके खिळे, जकातीचे शिक्के, डाग. त्यात अवशेषांच्या चित्रांपैकी एक होतं. त्याच्या पाठीवर निळ्या रेघांच्या कापडाचं एक ठिगळ होतं, तळहाताएवढं. कुणीतरी कॅनव्हास फाटल्यावर घरगुती पद्धतीने चिकटवलेलं. त्याचं जोडीचं चित्र शेजारी सरळ टांगलं होतं.

त्या दिवशी मी मंदाताईंना न्यायला लवकर पोचले होते, म्हणून पुढचं सगळं पाहू शकले. न्यूयॉर्कहून ज्येष्ठ नागरिकांची एक बस आली होती. सगळे कोट काढून दालनात हिंडत होते. एक ठेंगणी म्हातारी सरळ चित्रासमोर थांबली, मग उलट्या चित्राकडे वळली. वळली आणि तिने शेजारच्या माणसाची बाही घट्ट धरली. तो माणूस तिच्या ओळखीचाही नव्हता.

मंदाताई पुढे झाल्या. "आर यू ऑल राइट?"

म्हातारी ठिगळाकडे बोट दाखवत होती. "दॅट इज गुइदोज शर्ट," ती म्हणाली.

तिचं नाव एल्सा. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला राहायची. आम्ही तिला खालच्या कॅफेटेरियात बसवलं आणि तिने सांगितलं. इटलीत त्रिएस्ते शहरात त्यांचं घर होतं. जेवणघराच्या चार दारांवर ही चार चित्रं होती. धाकटा भाऊ गुइदो याने घरात धनुष्यबाण खेळताना शेळीवर नेम धरला आणि शेळीच्या पोटात बाण घुसवला. आई इतकी चिडली की तिने त्याच्याच झोपायच्या शर्टाचा तुकडा कापला आणि चित्राला मागून चिकटवला. गुइदो उरलेला शर्ट घालून, पाठीला भोक मिरवत, दोन दिवस घरभर हिंडत होता.

ती हसली. मग पुढचं सांगताना हसली नाही. ज्यूंविरुद्धचे कायदे आले. वडिलांची नोकरी गेली. नेहमी जेवायला येणारे एक गृहस्थ एका दुपारी आले, म्हणाले, तुम्हाला घर सोडावंच लागणार, चित्रं मी घेतो. हातावर काहीतरी ठेवलं. "माझ्या वडिलांनी त्यांच्यासाठी शिडी धरली," एल्सा म्हणाली. "ते पडू नयेत म्हणून." तिला न्यूयॉर्कच्या काकांकडे पाठवण्यात आलं. आईवडील आणि गुइदो नंतर येणार होते. ते आले नाहीत. त्यांना नेण्यात आलं, आणि त्यांची कसलीही वस्तू कुणाकडे उरली नाही.

मंदाताई तेवढा वेळ उभ्याच होत्या. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून. त्यांनी विचारलं, "तुम्हाला चित्रं परत हवीत?"

"माझ्या घरात ती मावायची नाहीत," एल्सा म्हणाली. "मला शर्ट द्या."

मला वाटलं होतं, हे सगळ्यात सोपं काम. फाटकं ठिगळ, कोण नाही म्हणेल? डॉक्टर पिअर्स नाही म्हणाले. रागावून नाही, खुर्ची पुढे करून, शांतपणे. ठिगळ चित्राचा भाग आहे. ते दिलं म्हणजे बाईंचं म्हणणं आपण मान्य केलं, आणि ते मान्य केलं तर चित्रंही त्यांचीच ठरतात. वकिलांचा सल्ला येईपर्यंत मंदाताईंनी एल्साशी किंवा मिसेस हॉलोवेंशी संपर्क साधू नये. उलटं टांगलेलं चित्र त्याच संध्याकाळी उतरवण्यात आलं.

मंदाताई बर्फाने भरलेल्या पार्किंग लॉटमध्ये फिरत राहिल्या. मी हीटर लावून बसले होते. शेवटी काच खाली करून म्हटलं, "मंदाताई, आत या, आजारी पडाल."

"एल्साबाईंनी क्लेम केला असता तर मला समजलं असतं," त्या बाहेरूनच म्हणाल्या. "त्या काही मागतच नाहीयेत गं! चिंधी मागतायत!"

वकिलांचा सल्ला येईना. दर आठवड्याला एल्साचा फोन मंदाताईंच्या घरी यायचा. त्या फोनची दोरी ताणून स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून जिन्यापर्यंत जायच्या आणि प्रत्येक वेळी म्हणायच्या, "नॉट येट." एका सकाळी मी त्यांना म्युझियमला सोडायला गेले तर त्या म्हणाल्या, "उजवीकडे नको. सरळ चल. नदीपलीकडे."

"कुठे?"

"मिसेस हॉलोवेंकडे."

"पण पिअर्सनी सांगितलंय ना, जायचं नाही म्हणून? नोकरी जाईल."

"बापटांना रात्री सांगितलंय. ते म्हणाले, स्वेटर घालून जा."

मिसेस हॉलोवेंचं घर डेलावेअर नदीकाठच्या टेकडीवर होतं. बाई उंच, काठी टेकत चालणाऱ्या, खणखणीत आवाजाच्या. जेवणघरात दोन दारांवर दोन चित्रं होती. मंदाताईंनी ती पहिल्यांदाच पाहिली, पण त्यांच्याकडे दोन क्षणांवर बघितलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बाण, शेळी, शर्ट, शिडी.

मिसेस हॉलोवेंचा चेहरा हळूहळू कडक होत गेला. "माझा नवरा चोर नव्हता," त्या म्हणाल्या.

"मी तसं म्हटलं नाही. त्यांनी पैसे देऊन, विश्वासाने घेतली. ते मला ठाऊक आहे."

"मग तुम्ही माझ्या घरात येऊन हे का सांगताय?"

मंदाताई म्हणाल्या, "कारण ही त्यांची होती, हे तुमच्या या खोलीत अजून कुणी म्हटलेलं नाही."

बाईंनी दाराकडे हात केला. आम्ही बाहेर पडलो. गाडीत मंदाताईंनी पट्टा लावला, काढला, परत लावला. "मी घाण केली," त्या म्हणाल्या. "आता म्हातारीला काहीच मिळायचं नाही." पूल ओलांडेपर्यंत त्या रडत होत्या, आणि रडतानाही खिडकीची काच वरखाली करत होत्या.

मिसेस हॉलोवेंनी डॉक्टर पिअर्सना फोन केलाच. पण तक्रारीचा नाही. काही दिवसांनी त्या स्वतः म्युझियममध्ये आल्या आणि चित्राची पाठ दाखवा म्हणाल्या. मंदाताईंनी मला नंतर सांगितलं: बाईंनी चष्मा लावून ठिगळ बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मुलगा केवढा होता?" मंदाताई म्हणाल्या, "बाण मारला तेव्हा आठ." बाई वळल्या. "डॉक्टर पिअर्स, त्या बाईला तिच्या भावाचा शर्ट देऊन टाका. आणि माझ्या घरची दोन चित्रं मी तुम्हाला मृत्युपत्रात ठेवली आहेत. चारही चित्रांखाली त्या कुटुंबाचं नाव लागणार असेल, तरच ती मिळतील."

त्यानंतर वकिलांचा सल्ला फार लवकर आला. एल्साने चित्रांवर हक्क सांगणार नाही असं मान्य केलं. मंदाताईंना ते आवडलं नाही. "तुम्ही सही करू नका," त्या तिला म्हणाल्या, "ती तुमचीच आहेत." एल्सा म्हणाली, "माझं वय बघ. मला भांडायला वेळ नाही, तू भांड."

ठिगळ काढलं त्या दिवशी एल्साला क्वीन्सहून आणायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मीही दारात उभी होते. चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंनी ओलसर कापूस ठेवून, पातळ पात्याने, अगदी सावकाश कापड सोडवलं. मंदाताई खोलीत इतक्या फिरत होत्या की त्यांना बाहेर जायला सांगावं लागलं. निळ्या रेघा, कडा पिवळ्या झालेल्या. एल्साने तुकडा दोन्ही हातांत घेतला आणि नाकाशी नेला.

"नुसता गोंदाचा वास येतोय," ती म्हणाली आणि जोरात हसली. मग तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि बाथरूम कुठे आहे विचारलं. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आम्ही कुणी दार वाजवलं नाही.

पुढच्या वसंतात भिंतीवरच्या पाटीत एल्साच्या वडिलांचं नाव आलं, त्रिएस्ते शहराच्या नावासह. त्याच सुमारास मंदाताईंचं काँट्रॅक्ट संपलं आणि ते पुढे वाढवलं नाही. डॉक्टर पिअर्सनी त्यांना निरोपाचं जेवण दिलं, चांगलं बोलले. ते म्हणाले, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण मला न विचारता जाणाऱ्या माणसाबरोबर मला काम करता येत नाही. मंदाताईंना हे पटलं. "त्यांच्या जागी मीही मला काढलं असतं," त्या म्हणाल्या. मात्र त्यानंतरचे महिने वाईट गेले. दिवसा घरी बसायची त्यांना सवय नव्हती. मला फोन करून म्हणायच्या, "शैला, गाडी काढतेस?" आणि गाडीत बसल्यावर कुठे जायचं ते त्यांनाच माहीत नसायचं. आम्ही उगाच रूट वन हायवेवर वर जायचो, खाली यायचो. मी विचारलं, "आता तर नाव लागलं ना? मग कशाची तगमग?"

"एल्साबाईंच्या वडिलांनी तरी ती कुणाकडून घेतली होती?" त्या म्हणाल्या. "आणि तो शिडीवरचा माणूस. त्याला मुलंबाळं असतील. त्यांना कुणी सांगितलं असेल?"

दशक संपता संपता बापट काकांना रेडमंडला, अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, काम मिळालं. सामान बांधून झालं आणि मंदाताईंनी जाहीर केलं की त्या आधी त्रिएस्तेला जाणार, एकट्या. एल्साने स्वतः जायला साफ नकार दिला होता, पण घराचा पत्ता सांगितला होता. तिथे आता कोण राहतं, एवढं बघून ये म्हणाली होती.

ते घर त्यांना सापडलं. तिथे आता दाताचा दवाखाना आहे, आणि जेवणघरात पेशंट वाट बघत बसतात, हे त्यांनी मला रेडमंडहून फोनवर सांगितलं. मागे पावसाचा आवाज येत होता, त्या बहुधा फोन घेऊन फिरत होत्या. नंतर आमचे फोन कमी कमी होत गेले. आम्ही पुन्हा भेटलो नाही. त्यामुळे मला त्या दिसतात त्या न्यूयॉर्कच्या विमानतळावर, मी त्यांना सोडायला गेले होते तशा. पांढरे बूट, साडीवर बापट काकांचा विंडचीटर. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, परत पहिल्या रांगेत. बोर्डिंगची घोषणा झाली आणि एकाएकी त्या माझ्याजवळ येऊन थांबल्या. पूर्ण थांबल्या.

"शैला, मी बेल वाजवणार. कुणीतरी दार उघडेल," त्या म्हणाल्या. "मग मी त्याला काय सांगू गं?"

मी म्हटलं, "आत येऊ का, असं विचारा."

त्यांनी मान हलवली, दोनदा. ओठांतल्या ओठांत ते इंग्रजीत म्हणून पाहिलं, मग एल्साने शिकवलेल्या मोडक्या इटालियनमध्ये. तेच पुटपुटत त्या दारातून आत गेल्या.